वाचता आवडत नाही

आमच्या दुकानाच्या काचेवर मी पहिला कागद चिकटवला त्यावर लिहिलं होतं, 'दर शनिवारे सांजे पांच वाग्ये, बाळको माटे मराठी वार्ता'. २०२३ ची दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. नाना, म्हणजे माझे सासरे, गल्ल्यावरून उठून बाहेर गेले, चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचला आणि आत येऊन म्हणाले, "वार्ता? पोरांना बातम्या वाचून दाखवणार का काय तू?"

गुजरातीत वार्ता म्हणजे गोष्ट. ऐंशी वर्षं बडोद्यात काढलेल्या माणसाला हे मी सांगायची गरज नव्हती, त्यांना खोडच काढायची होती. मी खाली जाड स्केचपेननं मराठीत 'गोष्टीचा तास' असं लिहिलं आणि विषय मिटवला. मराठी गोष्टीची जाहिरात मला गुजरातीत का करावी लागतेय, हा विचार तेव्हाच करायला हवा होता. मराठी घरातली माणसंसुद्धा या शहरात रस्त्यानं चालताना गुजराती पाट्याच वाचतात, मराठी पाटीवरून नजर सरकून जाते. हे माहीत होतं म्हणूनच मी गुजरातीत लिहिलं. पुढची पायरी मात्र डोक्यात आली नाही.

दुकान दांडियाबाजारातल्या एका आतल्या गल्लीत आहे, अकरा फूट बाय अठरा. नानांनी ते पाठ्यपुस्तकं, वह्या, पंचांगं, पोथ्या आणि दिवाळी अंकांवर उभं केलं. पुढं शाळाच वह्या-पुस्तकांचे संच देऊ लागल्या आणि जूनमधली रांग आटली. नवरा नोकरीवाला, त्याला दुकानात रस नाही. मी हातात घेतल्यावर अर्धं काउंटर काढून टाकलं, खालच्या तीन फळ्या मुलांच्या पुस्तकांना दिल्या (मुलांचा हात पोचावा म्हणून, या शहाणपणाची किंमत पुढं मोजली) आणि मधल्या जागेत सतरंजी टाकली. नाना सतरंजीकडं बघत म्हणाले, "आणि गिऱ्हाइकानं उभं कुठं राहायचं?" प्रश्न रास्त होता. अजून सुटलेला नाही.

पहिल्या शनिवारी चार मुलं आली. दोन वरच्या मजल्यावरची, त्यांच्या आईला तासभर डोळा लावायचा होता. एक पंचांग घ्यायला आलेल्या आजोबांबरोबरचा नातू, आणि एक समोरच्या दर्जीकाकांची मुलगी. मी एक जाडजूड लोककथांचं पुस्तक काढलं, चौदा पानांची गोष्ट, चित्र एक, तेही सुरुवातीला. आवाज छान लावला, हातवारे केले. तिसऱ्या पानावर दर्जीकाकांची मुलगी अत्यंत सभ्यपणे म्हणाली, "मासी, आ क्यारे पतशे?" हे संपणार कधी, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. नातू तोवर झोपला होता.

त्या रात्री मी पुस्तक पुन्हा चाळलं तेव्हा कळलं की मी मुलांकडं एकदाही बघितलं नव्हतं. डोळे सगळा वेळ ओळींवर.

मग मी शिकायला लागले. कुणी शिकवणारं नव्हतं, चुका करत गेले. पहिली सुधारणा वेळेची. शनिवारी पाच म्हणजे ट्यूशन, कराटे, क्रिकेट. रविवारी सकाळी साडेदहा केलं, नाश्ता होऊन अंघोळी उरकलेल्या असतात आणि आयांना स्वयंपाकात मुलं पायात नको असतात. तरी बडोद्याचं पंचांग वेगळंच असतं हे हळूहळू ध्यानात आलं. नवरात्रात मुलं गरब्याहून मध्यरात्री येतात, त्या रविवारी सतरंजीवर मी आणि पंखा. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, दोन दिवस सगळं शहर पतंग उडवायला गच्चीवर. गणपतीत मराठी मुलं आरतीत. मे महिन्यात निम्मी मामाकडं, उरलेली उन्हानं घरात. वर्षातले बावन्न रविवार धरून हिशेब करणाऱ्यानं चाळीसच धरावेत.

दुसरी सुधारणा पुस्तक धरण्याची. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण सगळं तिथंच आहे. चित्रपुस्तक स्वतःकडं धरून वाचायचं आणि मग फिरवून चित्र दाखवायचं, असं केलं की प्रत्येक पानाला "मला दिसलं नाही" सुरू होतं, आणि दिसेपर्यंत गोष्ट थंड होते. पुस्तक सबंध वेळ मुलांकडं तोंड करून, आपल्या खांद्याच्या बाजूला, खालून मधोमध धरायचं. म्हणजे आपल्याला ते वाकड्या मानेनं वाचावं लागतं, किंवा पाठ करावं लागतं. मी पाठ करते. वीस-बावीस पानांचं चित्रपुस्तक, पानाला दोन ओळी, तीन दिवस पोळ्या लाटताना म्हटलं की पाठ होतं. माझा नवरा जेवताना "मग ससा म्हणाला" असं म्हणायला लागला तेव्हा समजलं की झालं आता.

पान उलटायच्या आधी थांबायचं. किती, ते मुलांच्या पाठींवरून कळतं. पाठी पुढं झुकल्या की उलटायचं. फार थांबलं तर एखादा उठून स्वतःच पान उलटतो. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना आवाज खाली आणायचा, वर न्यायचा नाही. आरडाओरड करणारी मुलं कुजबुजीला गप्प होतात, मोठ्या आवाजाला आणखी मोठा आवाज काढतात. आणि चार ते सहा वर्षांच्या मुलाला सलग दहा-बारा मिनिटांवर धरू नये. एक पुस्तक, मग उठून काहीतरी उड्या, मग दुसरं पुस्तक, तेही छोटं. बस्स. तासाला तास म्हणतो पण तो चाळीस मिनिटांचा असतो.

तेच पुस्तक परत वाचायचं, हे मात्र मुलांनीच शिकवलं. मी दर रविवारी नवं पुस्तक आणण्याच्या खटपटीत असायची. एकदा पार्सल आलं नाही म्हणून मागच्याच रविवारचं उचललं, मनात शरमत. मुलं खूश. पुढं काय होणार हे माहीत असल्यामुळं ती माझ्या आधी बोलत होती, चूक केली की पकडत होती. मी मुद्दाम एक वाक्य गाळलं तर सहा जण ओरडले. नव्या गोष्टीला ती नुसती ऐकतात, जुनी गोष्ट त्यांची असते.

कळशीची कल्पना अशीच अडचणीतून आली. मुलं आली की पाच-सात मिनिटं कल्ला, कोण कुणाच्या शेजारी, कुणाची चप्पल कुणी घातली. घंटा वाजवून बघितली, शाळा आठवून चेहरे पडले. नाना एकदा बोलता बोलता माणभट्टाचं म्हणाले. सतराव्या शतकातला कवी प्रेमानंद आमच्या बडोद्याचा, तोही माणभट्टच. आख्यान सांगताना तांब्याच्या मोठ्या घागरीवर, म्हणजे माणेवर, बोटांतल्या अंगठ्यांनी ठेका धरायचा ही माणभट्टांची रीत. मी माहेरहून आजीची तांब्याची कळशी आणली आणि दोन बोटांत जाड पितळी अंगठ्या घातल्या. टण्-टणाटण्. पहिल्याच दिवशी चिडीचूप. आता ठेका बदलला की मुलांना कळतं की राक्षस येतोय का सकाळ होतेय. आजीला कीर्तनाचं भारी वेड होतं, पण तिची कळशी आख्यानाला जाईल असं तिच्या स्वप्नातही आलं नसेल.

आता भाषेचं. माझा मूळ बेत सरळ होता, आणि आता सांगायला थोडी लाज वाटते. बडोद्यातली मराठी मुलं मराठी विसरत चालली आहेत, त्यांना गोष्टींतून मराठी द्यायचं. औषध द्यावं तसं. त्यामुळं पहिले काही महिने मी सारखी दुरुस्त्या करायची. चित्रावर बोट ठेवून "हे काय?" विचारलं की "देडको!" "देडको नाही, बेडूक." "खिसकोली!" "खार म्हणायचं." "बिलाडी!" "मांजर." दर दुरुस्तीला हात थोडे खाली जायचे. फेब्रुवारीपर्यंत बोलणारी मुलं दोनच उरली, दोघीही अशा की ज्यांच्या घरी पुण्याहून आलेली आजी होती.

उत्तरायणानंतरच्या रविवारी एक मुलगा यायला लागला होता. दुसरीतला, गुजराती माध्यमातला, घर मराठी. मांजानं कापलेल्या बोटाला पट्टी बांधलेली. दाराशी बसायचा, चपला काढून हातात धरून, म्हणजे वेळ आली तर पळता येईल. गोष्ट तोंड उघडं टाकून ऐकायचा. शेवटी मुलं फळ्यांवर तुटून पडायची तेव्हा हा तिथंच. मी दोनदा त्याच्या हातात पुस्तक दिलं, त्यानं ते अलगद फळीवर ठेवलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "मला वाचता आवडत नाही."

मी म्हटलं, बरं बाबा. नाही आवडत तर नाही. जबरदस्ती करायची नाही हे माझं तत्त्व, आणि तत्त्व पाळल्याचा आनंदही झाला. असे चार महिने गेले. मी त्याला पुस्तक दिलं नाही. जूनच्या एका रविवारी पुन्हा कुणीतरी त्याला चिडवलं, "तू का नाही घेत?" आणि तो तेच म्हणाला. गल्ल्यावरून नाना, वर्तमानपत्रातून मान वर न काढता, म्हणाले, "अगं, त्याला येत नाही म्हणतोय तो."

गुजरातीत 'मने वांचता आवडे छे' म्हणजे मला वाचता येतं. आवडणं म्हणजे येणं. मुलगा मराठी शब्दांत गुजराती बोलत होता. मी जन्माची बडोद्याची, शियाबागेत वाढलेली, बाजारात दिवसभर गुजराती बोलणारी. 'मने नथी आवडतुं' मी दिवसातून दहादा ऐकते. पण त्याच्या तोंडून मराठी ऐकायचंच असं ठरवून बसल्यामुळं माझ्या कानानं दुसरं काही आत घेतलंच नाही. चार महिने तो मला सांगत होता की मला ही अक्षरं येत नाहीत, आणि मी मान डोलावत होते.

नानांनी त्याला गल्ल्यापाशी बोलावलं. "गुजराती वाचता येतं ना?" मान हलली. नानांनी पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी कापली आणि मराठी पुस्तकातल्या मोठ्या अक्षरांच्या वरच्या रेघेवर ठेवली. "आता वाच." गुजराती लिपीला शिरोरेघ नसते, रेघ झाकली की ग, म, न, त, प, व, घ ही सगळी मंडळी ओळखीची निघतात. पोरगं वाकलं. "म... ग... र." मग थांबून, "मगर?" मगर तर दोन्हीकडं मगरच. ख, ज, भ, अ, इ वेगळी असतात, ती नंतर आली. ज्या अक्षराला अडेल त्याच्यापुढं नाना आपलं गुजराती अक्षर काढून दाखवायचे. पुठ्ठ्याच्या अशा पट्ट्या आता आम्ही डझनानं कापून ठेवतो.

त्यानंतर मी दुरुस्त्या बंद केल्या. मराठीत सांगते, मुलं त्यांना सुचेल त्या भाषेत उत्तर देतात. "पछी शुं थयुं?" असं विचारलं की मी मराठीत पुढचं सांगते. दोन्ही भाषांत निघालेली पुस्तकं शोधायला लागले. नॅशनल बुक ट्रस्टची आहेत, तूलिकाची आहेत, प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर तर एकच गोष्ट अनेक भाषांत मिळते, आणि परवाना खुला असल्यानं छापून घ्यायला, जाहीर वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. एक पुस्तक मराठीत वाचायचं, पुढच्या रविवारी तेच गुजरातीत. मुलं हटकून भांडतात की यातलं खरं कुठलं. दर्जीकाकांची मुलगी, जिचं घर पक्कं गुजराती, ती आता सगळ्यांत स्वच्छ मराठीत 'फरीथी' ला 'पुन्हा एकदा' म्हणते. तिला कुणी शिकवलं नाही.

मुलं वळणावर आली, पण पालकांचं काही मला अजून जमलेलं नाही. पहिलं वर्षभर ते मागं उभे राहून मोबाइलवर चित्रण करायचे आणि मुलं गोष्टीकडं न बघता आईच्या मोबाइलकडं बघून हसायची. आता दाराशी वेताची टोपली आहे, मोबाइल त्यात. एक-दोन आया रागावून यायच्या बंद झाल्या. दुसरं दुखणं तात्पर्याचं. गोष्ट संपते न संपते तोच मागून आवाज, "मग बाळा, यातून आपण काय शिकलो?" मुलाचा चेहरा तत्क्षणी परीक्षेतला होतो. मी गिजुभाई बधेकांचा हवाला देते. भावनगरला त्यांनी बालमंदिर चालवलं ते गोष्टींच्या जोरावर, आणि गोष्ट ही आधी आनंदासाठी असं ते बजावून सांगायचे. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याकडंच जाऊन राहिल्या, शिकल्या, मग महाराष्ट्रात आल्या. एवढं सांगितल्यावर गुजराती पालकही मान डोलावतात, मराठीही. आणि पुढच्या रविवारी परत विचारतात, काय शिकलो.

एका शाळेनंही बोलावलं होतं. सव्वाशे मुलं, सभागृह, हातात माइक, पुस्तकातली चित्रं तिसऱ्या रांगेलाही न दिसणारी. आधी दोन भाषणं. मला सात मिनिटं मिळाली. शाल मात्र चांगली होती.

पैशाचं विचारलंच जातं म्हणून सांगते. सुरुवातीला फुकट होतं. फुकट असलं की तीस जण नाव देतात आणि अकरा येतात. मग माणशी पन्नास रुपये केले, आणि ते पन्नास त्या दिवशी पुस्तक घेतलं तर वळते. सतरंजीवर जास्तीत जास्त सोळा मुलं मावतात. त्यातली सहा-सात पुस्तक घेतात. मराठी चित्रपुस्तकं स्वस्त असतात, त्यामुळं एका पुस्तकामागं हाती येते ती रक्कम चहाच्या दोन फेऱ्यांत जाते. पुण्याहून येणाऱ्या पार्सलचं भाडं वेगळं. बहुतेक माल परत जात नाही, नाही खपलं तर आपलं. शिवाय प्रत्येक पुस्तकाची एक प्रत वाचायला फोडावी लागते, तिला पुढं जॅम लागतो, कोपरे चावले जातात, ती विकता येत नाही. महिनाअखेरी या तासाचा म्हणून वेगळा हिशेब मांडला की तो जेमतेम शून्याच्या आसपास येतो. पण रविवारी मुलांना सोडायला आलेल्या आजोबा-आज्या उभ्या उभ्या स्वतःसाठी काहीतरी घेऊन जातात, आणि तो हिशेब नाना वेगळ्या वहीत ठेवतात. मला दाखवत नाहीत. अलीकडं सतरंजीवरून कुरकुर बंद आहे, त्यावरून अंदाज करायचा.

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी फुगली. धोक्याची खूण २५ फुटांची, पाणी ३५ च्याही वर गेलं. शहराचा मोठा भाग दोन-तीन दिवस पाण्यात होता, कितीतरी घरांत वीज नव्हती. आमच्या दुकानात पाणी दोन फूट चढलं. वरच्या फळ्यांवरच्या पोथ्या, कादंबऱ्या, शब्दकोश कोरडे ठणठणीत. खालच्या तीन फळ्या, मुलांचा हात पोचावा म्हणून मी मुद्दाम निवडलेल्या, फुगून एकमेकींत घट्ट बसल्या होत्या. पुस्तक ओढलं तर हातात लगदा यायचा. गुळगुळीत कागदाची चित्रपुस्तकं वाळल्यावर विटेसारखी होतात, पानं सुटतच नाहीत. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी बादली आणि खराटा घेतला. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तीन रविवार बंद गेले. चौथ्या रविवारी ओलसर वासात, नव्या प्लास्टिकच्या चटईवर, मी पुस्तकाशिवाय माकड आणि मगरीची गोष्ट सांगायला घेतली. पुस्तकंच नव्हती. बडोद्यात ही गोष्ट सांगायची म्हणजे धाडस असतं, कारण विश्वामित्रीत खरोखरच्या मगरी शेकड्यांनी आहेत आणि पुरात त्या सोसायट्यांत शिरतात. मी म्हटलं, "मगर म्हणाली, ये, माझ्या पाठीवर बस."

"खोटं," दाराशी बसलेला मुलगा म्हणाला. आठ महिन्यांत गोष्टीच्या मध्ये तो पहिल्यांदा बोलला. "मगरीवर कोणी बसत नाय. मगर स्कूटरवर बसते."

सगळे हसले, पण तो गंभीर होता, आणि बरोबरही होता. दोन तरुण एका पकडलेल्या मगरीला स्कूटरवर आडवी घालून वनखात्याच्या कचेरीकडं नेताहेत हे चित्रण त्या दिवसांत शहरात प्रत्येकाच्या मोबाइलवर होतं. मग गोष्ट माझ्या हातातून गेली. माकड स्कूटर चालवणार असं ठरलं. मगरीच्या बायकोला काळीज खायचं होतं, पण पुरात दुकानं बंद, म्हणून ती शेवउसळीवर राजी झाली. एकीनं विचारलं की मगरीचं तोंड दोरीनं बांधलेलं असताना ती बोलते कशी. बराच वेळ यावर चर्चा झाली. मी कळशी वाजवत राहिले. तो मुलगा शेवटी उठून उभा राहून सांगत होता, हातातल्या चपलांचं हँडल करून, अर्धं मराठी, अर्धं गुजराती, आणि ब्रेक लागल्याचा आवाज कुठल्याच भाषेतला नाही.

त्या दिवशी दुकान बंद करताना नानांनी पेटीचं काढलं. त्यांचे वडील गायकवाडीत डभईकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मग शिकलेल्यांनी वाचायचं काय म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यातलंच. लहानपणी मी आजीबरोबर तिथं जायची ती काचेच्या जमिनी बघायला. वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खालून पावलं दिसायची. पण ज्या खेड्यात ग्रंथालय नव्हतं तिथं पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या. वाचून झालं की पेटी परत, दुसरी यायची. नानांच्या वडलांच्या शाळेत ती आली की मुलं आधी पेटीचा वास घ्यायची, असं नाना त्यांच्याकडून ऐकून होते. "पुस्तकं फळीवर ठेवली म्हणून भिजली," नाना म्हणाले. "पेटीत असती तर उचलून माळ्यावर टाकली असती." त्या तीन फळ्यांबद्दल ते मला एवढंच बोलले.

पेटी त्यांनीच करून घेतली, सागवानी नाही, प्लायची, पण कडी पितळी. त्यात पंचवीस पुस्तकं मावतात, मराठी आणि गुजराती जोडीनं, आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा. महिनाभर एका वसाहतीत, मग दुसऱ्या. ज्याच्या घरी पेटी, त्यानं रविवारी संध्याकाळी ती उघडायची. कोणी मोठं वाचणारं नसलं तर मुलांनी मुलांना. पहिली पेटी त्या मुलाच्या वसाहतीत गेली. तो आणि त्याचा भाऊ दोन्हीकडून कड्या धरून घेऊन गेले, पायऱ्यांवर एकदा आपटली.

मार्चमध्ये ती परत आली. मी पुस्तकं मोजली, चोवीस. एक कमी, आणि एक आमचं नसलेलं, कुणाचं तरी गुजराती पाठ्यपुस्तक, पहिल्या पानावर नाव खोडलेलं. एका मराठी चित्रपुस्तकात प्रत्येक चित्राखाली, छापील मराठी शब्दाच्या खाली, पेन्सिलीनं गुजराती अक्षरं होती. बेडूक, खाली देडको. कासव, खाली काचबो. मांजर, खाली बिलाडी. सबंध पुस्तकभर, एकही पान न सोडता.

"चोपडी खराब केली," नाना म्हणाले. गल्ल्यातून खोडरबर काढला, चष्मा लावला, आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी म्हणणार होते की राहू द्या, तेवढ्यात ते खारीच्या चित्रापाशी थांबले. खिसकोलीला मुलानं पहिलीच वेलांटी दीर्घ दिली होती. नानांनी तेवढी वेलांटी खोडली, कानामागची पेन्सिल काढली, ऱ्हस्व घातली, फुंकर मारून रबराचा चुरा उडवला आणि पान उलटलं.